स्वस्त तिकिटाचे पैसे नक्की कोण भरतं?

रामबागकर: परवा पुण्याला विमानानं गेलो. महिनाभर आधी काढलेलं तिकीट, स्लीपर बसपेक्षा थोडंच महाग. खूश होतो. पण माझी भाची इथेच, इंदूरच्या विमानतळावर, काउंटरला असते. गणवेश विमान कंपनीचा, पगार ठेकेदाराकडून. पहाटे चारला हजर. सात किलोच्या वरची बॅग सोडली तर साहेबांची बोलणी, पकडली तर प्रवाशाच्या शिव्या. माझीच बॅग साडेआठ भरली, तेव्हा तिचा चेहरा पाहिला. तिकीट स्वस्त होतं ते अशांच्या जिवावर, असं माझं मत.

पोहे_जलेबी: काय भिया! २००३ मध्ये एअर डेक्कन आली नसती तर भाचीला ही नोकरी तरी असती का? माझी आई साठीनंतर पहिल्यांदा विमानात बसली. त्याआधी सगळी जिंदगी अवंतिका एक्सप्रेसच्या वेटिंग लिस्टमध्ये. आणि ठेकेदारी काय फक्त विमानतळावर आहे? बँकेतला गार्ड कोणाचा असतो, विचारून बघा.

माजी_क्रू: आठ वर्षं केबिन क्रू होते, कंपनीचं नाव नको. बेसिक पगार थोडा, बाकी सगळं उडालेल्या तासांवर. विमान धुक्यात तीन तास उभं राहिलं तर तुम्ही वैतागता, आम्ही फुकट राबतो. उतरलात की तुमच्या सीटमधले वेफर्स आम्हीच वेचायचे, कारण अर्ध्या तासात विमान परत सुटायला हवं. विमान कंपनीनं भाड्यानं घेतलेलं, उभं असलं तरी ते भाडं चालूच ना. आणि हो, हसतमुख राहायचं.

हिशोबी: भावनेवर जाऊ नका. सर्वांत मोठा खर्च इंधनाचा, आणि ते अजून जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. किंगफिशर २०१२ मध्ये बसली ती थाटामाटानं आणि कर्जानं. उलट इंडिगो स्वस्त तिकिटं विकूनच मोठी झाली. मग दोष स्वस्ताईचा कसा?

माजी_क्रू: आणि जेट एअरवेज? तिचा थाटही महाग होता, पण भाडी स्वस्तवाल्यांच्या बरोबरीनं उतरवावी लागली. १७ एप्रिल २०१९ ला शेवटचं उड्डाण. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडून मालमत्ता विकण्याचा आदेश दिला, तरी लोक पगाराच्या थकबाकीची वाटच बघत होते. त्याआधी २०२३ मध्ये गो फर्स्टही बंद पडलेली. दर वेळी बुडणारा मालक वेगळा, घरी बसणारे आम्हीच.

रामबागकर: हिशोबी, तुमच्या इंडिगोचंच बघू. नव्या सरकारी नियमांनी वैमानिकांची आठवड्याची सुट्टी ३६ तासांवरून ४८ झाली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. नियम आधीच जाहीर झालेले. तरी डिसेंबर २०२५ मध्ये हजारो उड्डाणं रद्द! माणसं इतकी मोजून ठेवलेली की जरा झोप द्यायची म्हटलं तर वेळापत्रक कोसळलं. भाडी अशी भडकली की सरकारला कमाल दर ठरवून द्यावे लागले. वर कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट.

हिशोबी: ते नियोजनाचं अपयश. साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच कंपनीकडे गेले की असंच होणार. स्पर्धा वाढवा, भाडी नका वाढवू.

पोहे_जलेबी: एक सांगा रामबागकर, पुण्याचं तिकीट दुप्पट झालं तर जाल?

रामबागकर: दिवाळीला जाईन. एरवी रेल्वेनं.

पोहे_जलेबी: मग काउंटरला भाची कशाला ठेवतील?

रामबागकर: तिलाच विचारतो. आज नाइट आहे तिची, उद्या दुपारी उठेल तेव्हा.