मदत हवी आहे: वजा संख्येचं वर्गमूळ अकरावीच्या मुलांना कसं पटवावं?

नमस्कार मंडळी. मी देवगड तालुक्यात नववी ते अकरावीला गणित शिकवते.

करणी (√२ सारखी मुळं) शिकवताना एक चूक दरवर्षी फळ्यावर येतेच: √(९ + १६) = ३ + ४ = ७. गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीने हेच लिहिलं. तिचे बाबा गवंडी. विचारलं, चिऱ्याच्या घराचा पाया आखताना काटकोन कसा बघतात गं? "तीन फूट, चार फूट, नि तिरकं पाच," ती म्हणाली, आणि आपणच ७ पुसून ५ लिहिलं. फार बरं वाटलं.

अडलंय ते अकरावीच्या संमिश्र संख्यांत, म्हणजे √−१ घेऊन बनणाऱ्या संख्यांत. √−४ × √−९ चं उत्तर मुलं √३६ म्हणून ६ काढतात. बरोबर उत्तर −६ (२√−१ × ३√−१) हे पाठ करतात, पण पटत नाही. "मॅडम, नसलेलं मूळ काढायचं कशाला?" याचं खरं उत्तर मला द्यायचंय.

बोंबेली या इटालियन गणितज्ञाचं १५७२ मधलं उदाहरण घ्यावं म्हणते: क्ष³ = १५क्ष + ४. क्ष = ४ घातलं की ६४ = ६४, समीकरणाचं उत्तर डोळ्यांसमोर. तरी घन समीकरण सोडवायच्या कार्दानोच्या सूत्रात मध्येच √−१२१, म्हणजे ११√−१ येतं: २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांच्या घनमुळांची बेरीज. (२ + √−१)³ = २ + ११√−१ हे कळलं, की ती दोन घनमुळं २ + √−१ आणि २ − √−१, बेरीज बरोबर ४!

पण कार्दानोचं सूत्र मुलांना माहीत नाही. सिद्ध न करता दिलं तर चालेल का? की आधी √−१ ने गुणणं म्हणजे प्रतलावर ९० अंशांचं वळण, हे दाखवू? दोनच तासिका आहेत. कुणी वर्गात करून बघितलं असेल तर मुलं नेमकी कुठे अडली, तेवढं जरूर लिहा.