खडकाळ उतारावर पुढचं चाक दगडाला अडतं

डोंगरवाट: सह्याद्रीतल्या तीव्र, काळ्या दगडांच्या उतारावर चाक अडून सायकल उलटू पाहते. हार्डटेल (मागे सस्पेन्शन नसलेली सायकल), पुढे १२० मिमी दबणारा फोर्क, २९ × २.३५ इंची टायर, आत ट्यूब, हवा ३५ पीएसआय. वजन ७२ किलो. काय बदलू?

खडीवाला: हवा फार आहे, टायर दगडावरून उसळतो. पुढे २६, मागे २९ ठेवा. त्याखाली ट्यूब रिमवर चिमटून दोन समांतर भोकं पडतात. ट्यूबलेस केलंत तर पुढे २२ चालेल.

उतारकरी: खरं दुखणं ब्रेकचं आहे. दगडाला टेकताना पुढचा ब्रेक दाबलेला असेल तर चाक वर चढत नाही, सगळा भार हँडलवरून पुढे जातो. वेग दगडाआधीच कमी करा, टेकताना ब्रेक सोडा, पलीकडे पुन्हा एका बोटाने दाबा. पुढचा ब्रेक टाळू मात्र नका. उतारावर मागचं चाक नुसतं घसरतं. सीट खाली, पेडल समपातळीत, टाचा खाली, कोपर वाकलेले. फार मागे गेलात की पुढचं चाक हलकं होऊन वळत नाही, मुरमावर तर हमखास.

खडीवाला: फोर्कचा सॅगही (तुम्ही बसल्यावर तो जितका दबतो ते अंतर) मोजा, २४ ते ३० मिमी असायला हवा. ब्रेक लावताच फोर्क बुडत असेल तर त्यातली हवा ५ पीएसआय वाढवा.