वाचा-श्रवण तज्ज्ञांनी आपला मर्यादित वेळ शिकण्यासाठी द्यावा की व्यवसायाची बाजू मांडण्यासाठी?

प्रश्न

नमस्कार. मी एका रुग्णालयाच्या वाचा व श्रवण विभागात काम करते. विभागात आम्ही दोघीच आहोत. श्रवणचाचण्या, श्रवणयंत्र बसवणे, मुलांची स्पीच थेरपी, पक्षाघातानंतरचा वाचाघात आणि गिळण्याच्या तक्रारी हे सगळे आमच्याकडेच येते. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी लागणारे गुण मी कार्यशाळांतून मिळवते आणि प्रमाणपत्रे फायलीत साठत जातात. मात्र कार्यशाळेहून परतल्यावर माझ्या उपचारपद्धतीत काही बदलले आहे, असे क्वचितच म्हणता येते. दुसरीकडे, व्यवस्थापन आम्हाला दिवसाला किती सेशन झाली एवढेच विचारते आणि ध्वनिरोधक खोलीची मागणी 'सध्या अत्यावश्यक नाही' असा शेरा मारून परत पाठवते.

हाताशी वेळ थोडा आहे. तो आधी स्वतःचे ज्ञान वाढवण्यासाठी द्यावा, की विभागाची बाजू वरिष्ठांपुढे मांडण्यासाठी? शिवाय, आपणच आपल्या व्यवसायासाठी सुविधा मागत राहणे स्वार्थीपणाचे दिसते, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे मत आहे. त्याविषयीही जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद १ : वाक्-भाषा उपचारतज्ज्ञ, अध्यापनाचा अनुभव

आपल्या प्रश्नातील 'आधी' हा शब्द मला पटत नाही, पण त्याकडे नंतर वळतो. प्रथम शिकण्याविषयी.

ज्या शिक्षणामुळे समोरच्या रुग्णाबाबतचा एखादा तरी निर्णय बदलत नाही, त्याने नोंदणी टिकते, व्यावसायिक विकास होतोच असे नाही. कार्यशाळेचा विषय निवडताना बहुतेक जण 'नवीन काय आहे' हे पाहतात. त्याऐवजी 'माझ्या केसेसपैकी कोणत्या प्रकारात मी अडतो' हे पाहावे. आणि जे नवीन म्हणून समोर येते, त्याचा आधारही तपासावा. उच्चारदोषांसाठी फुंकर मारणे, ओठ व जीभ हलवणे असे बोलण्याविना करायचे तोंडाचे व्यायाम आजही अनेक ठिकाणी शिकवले जातात. त्यांच्यामुळे उच्चार सुधारतात असे म्हणण्याइतका पुरावा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर आढाव्यात सापडला नाही. असे असूनही या विषयाच्या कार्यशाळा भरगच्च असतात, कारण व्यायाम दाखवायला सोपे असतात आणि पालकांनाही काहीतरी ठोस मिळाल्यासारखे वाटते.

श्रवणाच्या बाजूचे उदाहरण द्यायचे तर श्रवणयंत्राच्या पडताळणीचे देता येईल. संगणकाने सुचवलेली पहिली जुळणी लावून रुग्णाला 'आता कसे ऐकू येते?' असे विचारणे वेगळे, आणि कानाच्या नळीत बारीक मायक्रोफोन ठेवून पडद्याजवळ आवाज प्रत्यक्षात किती पोहोचतो हे मोजणे वेगळे. प्रत्येकाच्या कानाच्या नळीचा आकार निराळा असल्यामुळे, आणि विशेषतः लहान मुलांची नळी छोटी असल्यामुळे, त्याच यंत्राचा आवाज दोन कानांत वेगवेगळा उतरतो. हे मोजमाप करायला शिकलेला ऑडिओलॉजिस्ट दुसऱ्याच दिवशी यंत्राची जुळवणी बदलतो. माझ्या मते व्यावसायिक विकास तो हाच.

दोघींच्या विभागाला परवडणारा एक मार्ग असा : रुग्णाची लेखी परवानगी घेऊन एखादे सेशन चित्रित करावे आणि सहकारी मैत्रिणीसोबत ते एकाच प्रश्नासाठी पाहावे, उदाहरणार्थ, मुलाने स्वतःहून बोलण्यासाठी मी किती वेळ थांबते? गुण मिळतील की नाही हे तुमच्या परिषदेच्या नियमांवर अवलंबून राहील, परंतु अनेक व्याख्यानांतून जे कळत नाही ते यातून कळते.

प्रतिसाद २ : ऑडिओलॉजिस्ट, विभागप्रमुख

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. बाजू मांडण्याविषयी मात्र अधिक सविस्तर लिहितो, कारण तिथे आपण बहुतेक जण जनजागृती आणि पाठपुरावा यांत गल्लत करतो. ३ मार्चच्या जागतिक श्रवण दिनाला फलक लावले, सेल्फी काढले, की आपल्याला काम झाल्यासारखे वाटते. परंतु ज्या व्यक्तीच्या सहीने खोली मंजूर होते, ती व्यक्ती त्या फलकासमोर कधी उभीही राहिलेली नसते. पाठपुराव्यात निर्णय घेणारी व्यक्ती ठरलेली असावी, मागणी एकच असावी आणि ती मंजूर न झाल्यास रुग्णाचे काय होते हे त्याच कागदावर लिहिलेले असावे.

ध्वनिरोधक खोलीचेच पाहा. 'चाचणीसाठी शांतता हवी' हे वाक्य प्रशासकाला सोयीची मागणी वाटते. त्याऐवजी सध्याच्या खोलीतील आवाज ध्वनिमापकाने वेगवेगळ्या वारंवारितांवर मोजा आणि श्रवणचाचणीच्या प्रमाणकात मान्य असलेल्या कमाल पातळीशेजारी तो मांडा. पंखे, वातानुकूलन आणि रहदारी यांचा आवाज मुख्यतः खालच्या वारंवारितांत असतो, म्हणून २५० आणि ५०० हर्ट्झवर रुग्णाचे श्रवण प्रत्यक्षापेक्षा वाईट नोंदले जाण्याचा धोका असतो. अशा ऑडिओग्रामवरून, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावरून, यंत्र बसवले, तर गरज नसलेल्या ठिकाणी आवाज वाढवला जातो, रुग्णाला यंत्र गोंगाटाचे वाटते आणि ते कपाटात जाते. आता ही मागणी आपल्या सोयीची राहत नाही, ती निदानाच्या अचूकतेची होते. आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या आक्षेपाला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

मोठे आकडे जपूनच वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार २०५० पर्यंत सुमारे २५० कोटी लोकांना काही ना काही प्रमाणात श्रवणदोष असेल आणि किमान ७० कोटी लोकांना पुनर्वसन सेवांची गरज भासेल. श्रवणसेवेत गुंतवलेल्या प्रत्येक डॉलरमागे दहा वर्षांत सुमारे १६ डॉलर परत मिळतात, असाही त्या अहवालाचा अंदाज आहे. धोरण ठरवणाऱ्यांपुढे हे आकडे उपयोगी पडतात. रुग्णालयाचा व्यवस्थापक मात्र 'त्यातले आपल्याकडे किती?' असे विचारतो, आणि तो प्रश्न रास्त आहे.

म्हणून स्वतःची नोंद ठेवा. नवजात बालकांची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहा महिन्यांपर्यंत, हा मापदंड सर्वत्र परिचित आहे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा चांगली विकसित होते, हे १९९८ मध्ये योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. आपल्याकडे पहिल्या तपासणीत 'पुन्हा तपासा' असा निकाल आलेली बालके किती, त्यांतील किती परत आली आणि बेरा चाचणीसाठी (आवाजाला श्रवणनस व मेंदू देत असलेला प्रतिसाद मोजणारी निदानचाचणी) किती थांबावे लागले, हे तीन रकाने भरायला रोज काही मिनिटे लागतात. गळती नेमकी कुठे होते ते दिसले, की मनुष्यबळाची मागणीही त्याच कागदावरून करता येते.

प्रतिसाद ३ : श्रवणयंत्र वापरणारी व्यक्ती

मी तज्ज्ञ नाही. आपल्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरून लिहीत आहे. वरील दोन्ही प्रतिसाद उपयुक्त असले, तरी 'रुग्णाचे काय होते' हे रुग्णाला विचारावे असे कोणी सुचवलेले नाही. माझा ऑडिओग्राम उत्तम जुळलेला असतानाही मी बैठकांना जाणे टाळत असे, कारण चार माणसे एकाच वेळी बोलू लागली की मला काही कळत नसे. त्या काळातील माझ्या सर्व नोंदींत 'समाधानकारक' असा शेरा आहे. अडखळत बोलणाऱ्या माझ्या एका परिचितांची तक्रारही याच जातीची आहे : त्यांचे अडखळणे मोजले जात होते, पण फोन उचलण्याची भीती कोणी नोंदवली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या, कार्यक्षमता व अपंगत्व यांविषयीच्या वर्गीकरणात (आयसीएफ) शरीरातील दोषाबरोबरच व्यक्तीच्या जीवनातील सहभागाचाही विचार आहे. तो रकाना आपल्या नोंदीत जोडावा. तसेच, बाजू मांडताना आम्हाला सोबत घ्यावे; केवळ हृदयद्रावक कहाणी सांगण्यासाठी नव्हे, तर मागणी ठरवतानाच. कर्णबधिर समाजातील अनेकांना सांकेतिक भाषेतून शिक्षण हवे असते आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारात ती भाषा शिकण्याच्या सोयीचा स्पष्ट उल्लेख आहे. तज्ज्ञांची मागणी प्रत्येक वेळी यंत्र आणि थेरपी यांपुरतीच राहिली, तर ती आमच्या वतीने केलेली आहे असे म्हणता येणार नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ध्वनिमापक बांधकाम विभागाकडून उसना मिळू शकेल असे दिसते. एक शंका उरते : नोंदी ठेवण्याचा आणि चित्रीकरण पाहण्याचा वेळ सेशनच्या आकड्यात धरला जात नाही. तो मागायचा कसा?

प्रतिसाद १ कडून

मघाशी 'आधी' या शब्दावर अडलो होतो, ते याचसाठी. नोंदी हेच आपले शिक्षण आणि नोंदी हाच आपला पुरावा, म्हणून दोन्हींसाठी वेगळा वेळ मागू नका. आठवड्यातील एक ठरावीक तास 'केस आढावा' या नावाने तीन महिन्यांच्या प्रयोगादाखल लेखी मागा आणि मुदतीच्या शेवटी बेरासाठीची प्रतीक्षा व मध्येच थेरपी सोडणाऱ्यांची संख्या कळवण्याचे आश्वासन अर्जातच द्या. सहभागाच्या नोंदीविषयीची सूचना मला विशेष महत्त्वाची वाटते. त्यासाठी रुग्णाला पहिल्याच भेटीत 'कोणत्या प्रसंगी बोलणे किंवा ऐकणे टाळता?' हे विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि आढाव्याच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा विचारा. अर्ज नामंजूर झाला, तर त्याचे कारण लेखी मागून घ्या, म्हणजे पुढचा अर्ज त्या कारणाला धरून लिहिता येईल.