पिशवीवरचा कागद सुटतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बेळगावची, शहापुरात राहते. नणंदेच्या डोहाळजेवणाला येणाऱ्या बायकांना द्यायला खडेबाजारातून कॅनव्हासच्या 15 कोऱ्या पिशव्या आणल्यात. खळ जावी म्हणून आधी धुऊन इस्त्री केली. मग छापील टिश्यू नॅपकिनचे खालचे पांढरे पदर सोडवले आणि वरचा फुलांचा पातळ पदर तेवढा फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून चिकटवला. कडेनं अॅक्रिलिक रंगाची वेलबुट्टी काढली.

पहिली पिशवी दिसायला झकास झाली हो! पण भाजी आणायला नेली आणि आमच्या इथला पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. भिजल्यावर फेविकॉल परत दुधासारखा पांढरा झाला, जास्वंदीची एक पाकळी तर कोथिंबिरीच्या जुडीला चिकटून घरी आली. सासूबाई अजून हसतायत.

उरलेल्या 14 साठी काय वापरू? कापडावरच्या डेकूपाजचा (म्हणजे अशी कागदी चित्रं चिकटवून सजवायच्या कामाचा) वेगळा गोंद मिळतो म्हणे, तो पाण्यात टिकतो का? वरून वॉर्निश मारलं तर घडीवर तडे जातील का? रंगात फॅब्रिक मीडियम (अॅक्रिलिक रंग कापडावर नीट बसावा म्हणून घालतात ते द्रव) मिसळून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवणार आहे, पण कागदावर इस्त्री चालेल का? कुणी केलं असेल तर सांगा, कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे.