कुमारांचं गाणं म्हणजे फक्त एका फुप्फुसाची मजबुरी?

गिरगावकर: काल षड्जपंचम यांनी लिहिलं की शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांना दम पुरत नव्हता म्हणून ते तुकड्यातुकड्यात गायचे आणि त्यालाच आपण क्रांती म्हणतो. वाचून रात्री झोप नाही लागली. टीबीने एक फुप्फुस निकामी झालं, १९४८ ला देवासला गेले, पाचेक वर्षं गाणं बंद, हे सगळं मान्य. पण तेव्हा टीबी झालेले हजारो होते, खाटेवर पडून माळव्याच्या बायकांची गाणी ऐकत त्यातून धुनउगम राग, म्हणजे लोकधुनांतून निघालेले नवे राग, कोणी काढले? त्यांनी बांधलेला गांधी मल्हार राग, १९६५ च्या ‘अनूपरागविलास’ या त्यांच्या पुस्तकातल्या बंदिशी, हे दम कमी पडल्यामुळे सुचतं का कोणाला? आणि घराण्याच्या भिंतीपलीकडचं ऐकायची सवय आजाराच्या कितीतरी आधीची, ती आपल्या मुंबईत त्यांचे गुरू बी. आर. देवधर मास्तरांकडे लागली.

षड्जपंचम: बंदिशींबद्दल मी बोललोच नाही. विलंबिताबद्दल, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालाबद्दल बोलतोय. ख्याल पायरीपायरीने वाढायला हवा, मी १४ वर्षं तेच शिकलो, एकेका स्वरावर महिनामहिना बसून. हे मध्येच तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावून मोकळे.

पार्लेकर काकू: विलंबिताचं जाऊ द्या हो, ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या कुमारांच्या कार्यक्रमाबद्दल कोणी का बोलत नाही? माझ्या वडिलांनी लहानपणी नारायणरावांची, म्हणजे बालगंधर्वांची, ‘मानापमान’ नाटकातली भामिनी पाहिली होती. तो लडिवाळपणा, एकेका पदाला चारचार वन्स मोअर. वडील कुमारांच्या कार्यक्रमाला हौसेने गेले आणि मध्यंतरात घरी आले. रात्री जेवले नाहीत.

गिरगावकर: काकू, मग काय हुबेहूब नक्कल करायची होती? लहानपणी कुमार रेकॉर्डी ऐकून तशीच्या तशी गायचे, त्यावरच तर नाव झालं. नक्कल हातात असून सोडली त्यांनी. आणि नावातच ‘मला उमजलेले’ आहे.

पार्लेकर काकू: नाव काहीही ठेवा, पदं नारायणरावांची आहेत! तुम्ही पाहिलंय त्यांना स्टेजवर?

गिरगावकर: नाही पाहिलं. तुम्ही तरी कुठे पाहिलंय, वडिलांनी पाहिलंय.

पार्लेकर काकू: वडिलांवर जाऊ नका.

डोंबिवली फास्ट: भांडा सावकाश, मला मूळ मुद्द्यावर सांगायचंय. माझ्या आईचं एक फुप्फुस टीबीने गेलं होतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. प्रत्येक चार पायऱ्यांना कठड्यावर हात ठेवून थांबायची, आणि बोलायला लागली की वाक्य कुठे तोडायचं ते आधीच ठरलेलं असायचं, फालतू शब्द एक नाही. वीस वर्षं ते ऐकलंय मी. म्हणून कुमारांच्या निर्गुणी भजनात ओळ थांबते, मागे नुसते तानपुरे वाजत राहतात, तिथे मला दम संपलेला माणूस नाही ऐकू येत, श्वास मोजून खर्च करणारा ऐकू येतो. फुप्फुसाचा संबंध आहेच, षड्जपंचम तिथे चूक नाहीत. पण मजबुरी म्हणू नका.

षड्जपंचम: आईंचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. ठीक आहे, ‘मजबुरी’ हा शब्द मागे घेतो. विलंबिताबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

गिरगावकर: नका घेऊ. पण त्यांचा तिलवाडा तालातला विलंबित ख्याल पुन्हा ऐका, सलग, मध्ये फोन न उचलता. काकू, वडिलांबद्दल तसं बोलायला नको होतं, चुकलं.

पार्लेकर काकू: बरं. पण ती पदं नारायणरावांचीच.