व्हॅलग्रिंड म्हणतंय लीक नाही, पण मेमरी तर वाढायलीय

उद्यमबाग_कोडर: मंडळी, जरा बघा की. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचा सी++ प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडलाय, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनकडनं टीसीपीवर, म्हणजे नेटवर्कवरनं, डेटा घ्यायचा नि फाइलीत लिहायचा एवढंच काम, पण कोड जुना, सगळीकडं न्यू-डिलीट, म्हणजे मेमरी घ्यायची नि सोडायची, हातानं. आधी रोज करंट जायचा, पीसी रीस्टार्ट व्हायचा, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. आता यूपीएस बसवलाय तर रॅम भरत भरत शेवटी लिनक्सच प्रोसेस मारून टाकतंय. व्हॅलग्रिंडला (मेमरीच्या चुका शोधणारं टूल) लीक-चेक फुल देऊन चालवलं, तर डेफिनेटली लॉस्ट, म्हणजे घेऊन हरवलेली मेमरी, शून्य! मग जातीय कुठं?

खानापूरकर: आधी वाढतीय कशी ते बघ. लिनक्सच्या प्रोक फोल्डरात त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलीत व्हीएम-आरएसएस (प्रोसेसनं आत्ता धरलेली रॅम) असतं, ते लॉग करत राहा. वर जाऊन एका जागी थांबलं तर तो लीक असेलच असं नाही, ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) फ्री केलेली मेमरी सगळी लगेच सिस्टिमला परत देत नाही. आणि कनेक्शन मधनंच तोडून बघितलास का? जो कोड चालतो तेवढाच व्हॅलग्रिंडला दिसतो.

उद्यमबाग_कोडर: चढतच चाललंय हो. केबल काढून-घालून बघितली, दरवेळी थोडं वाढतंय, तरी रिपोर्ट शून्यच.

टिळकवाडी_सी: मग पॉइंटर हरवलेलाच नाही मर्दा, कुणीतरी धरून बसलंय. रिकनेक्ट झालं की नवा सेशन (त्या कनेक्शनचा ऑब्जेक्ट) न्यू करून कुठल्या मॅप नाहीतर व्हेक्टरमध्ये, म्हणजे यादीत, टाकत असणार आणि जुना काढायचं कुणी लिहिलंच नसणार. प्रोग्रॅम बंद होताना डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना चालणारं फंक्शन) सगळे डिलीट करतो, म्हणून शेवटचा हिशोब चोख! लीक-चेक सोड, व्हॅलग्रिंडचंच मॅसिफ लाव नाहीतर हीपट्रॅक, चालू असताना मेमरी कुठल्या फंक्शननं घेतलीय ते दिसतं.

उद्यमबाग_कोडर: सापडलं!! सेशन मॅपच, आयडी नुसता वाढत जाणारा. डिस्कनेक्टला इरेज (मॅपमधनं काढणं) टाकू का?

टिळकवाडी_सी: नुसतं इरेज टाकलंस तर मॅपमधला पॉइंटर जाईल, ऑब्जेक्ट तिथंच राहील, म्हणजे आता खराखुरा लीक. आधी डिलीट, मग इरेज. त्यापेक्षा मॅपमध्ये युनिक-पॉइंटर (स्वतःच डिलीट करणारा पॉइंटर) ठेव, मग इरेज केलं की ऑब्जेक्टही जातो.

खानापूरकर: एक राहिलं. दुसरा थ्रेड तो सेशन वापरत असेल तर डिलीट केल्यावर क्रॅश होईल, आणि तोही रोज होणार नाही, कधीतरीच होईल, मग शोधत बस. म्हणून ॲड्रेस सॅनिटायझर (कंपायलरमधलीच मेमरी तपासणी) लावून बिल्ड कर, व्हॅलग्रिंडपेक्षा पुष्कळ फास्ट, नेहमीच्या साधारण दुप्पट वेळ घेतं. फक्त दोन्ही एकदम लावू नको, चालत नाही. आणि सर्व्हिस म्हणून चालवत असशील तर सिगटर्मला (प्रोसेस बंद करायचा सिग्नल) हँडलर लिहून नीट एक्झिट कर, सिग्नलनं तशीच मेली तर सॅनिटायझरचा शेवटचा लीक रिपोर्ट येतच नाही.