१४ फेब्रुवारीला बायकोला काही द्यावंच लागतं का?

प्रश्न (रावेर): शेजारच्या नव्या जोडप्याने हॉटेलात ‘कपल डिनर’ बुक केलंय. तेव्हापासून आमच्याकडे भांडी जरा जास्तच वाजताहेत. केळीचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत. काय करू भो?

जळगावहून: गुलाब घ्यायचे तर १३-१४ टाळा. मावळातल्या पॉलीहाउसचा चांगला माल त्याआधीच परदेशात जातो, इथे भाव चढतात.

यावलहून: दादा, हॉटेल राहू द्या. बामणोदची हिरवी वांगी आणा, कपाशीच्या काड्यांवर स्वतः भाजा, बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचून भरीत करा. वरून कच्चं तेल, कांद्याची पात, शेंगदाणे. आमच्याकडे ‘ह्यांनी’ केलं तेव्हा धुराने डोळे लाल, मिरची बेसुमार. तरी मी दोनदा मागून घेतलं. (भांडी मात्र त्यांनाच घासायला लावली.)

धुळ्याहून: बाजाराला एवढं काय नावं ठेवता? अखाजीलाही (अक्षय्य तृतीयेला) बांगड्या-साड्यांची दुकानं भरतातच की. वहिनींना विचारलंत का?

प्रश्नकर्ता: विचारलं. म्हणे, हॉटेल नको, रात्रीच्या लाइटीला मोटर चालू करायला जाता तेव्हा फोन उचलत जा. आणि भरीत चालेल. बडगी कुणाकडे आहे का?